पुंजाजीची तिसरी फीत

“आबा, आता तिसरी फीत लावा ना,” मयुरी माणिकरावांना म्हणाली.

बुलढाण्यातल्या ‘संजीवनी’ स्टुडिओचा इतिहास लिहायला ही पोरगी सकाळच्या एसटीने धामणगाव बढ्याहून आली होती. भीमगीतं, भजनं, सगळं याच खोलीत माणिकरावांनी रेकॉर्ड केलं. पण तिला हवा होता तिचा आजा पुंजाजी. वरातीत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या या गड्याने मिलिटरीच्या बँडमध्ये जाझ उचललं होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्याचे तीन अल्बम इथंच झाले, एकेका फितीवर एकेक. दोन ऐकून झाले होते.

“आज्याले तिसरी लय जीवाची होती. मरेपर्यंत म्हने, मानिकजवळ हाये त नीटच असन.”

माणिकरावांनी तिसऱ्या फितीचा डबा काढला, पण उघडला नाही. डब्यावर त्यांच्याच अक्षरात पुंजाजीचं नाव होतं. इतकी वर्षं माणिकराव या एका दिवसाच्या धाकात जगले. डबा फेकून द्यायचीही हिंमत झाली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

“काऊन थांबले, आबा?”

“पोरी, त्याच्यात पुंजाजी नाही.” त्यांनी डबा टेबलावर ठेवला. “भीमजयंती आठ दिवसांवर आली होती. अकोल्याहून कोऱ्या फिती आल्या नाही. गानारे येऊन बसेल होते. म्या याच्यावरच गानी भरली. वाटलं, पुंजाजी काय, तो पुन्हा वाजवीन. पन सांगाची हिंमत झाली नाही. तो विचारे, अन् मी म्हनो, हाये.”

मयुरीने डबा उचलून त्यावरचं नाव वाचलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमी किती येळा आयकली होती?” तिने शेवटी विचारलं.

“रोज. पुसली तोवर रोज.”

“मंग ते तुमच्याचजवळ उरलं. गुनगुना.”

“मी? मी काचेच्या अलीकडचा, मशीनवरचा मानूस, बाई. मले सूर लागत नाही.”

तिने ऐकलं नाही. हाताला धरून त्यांना काचेपलीकडे, गाणाऱ्यांच्या जागी नेलं, माईक तोंडाशी आणला आणि त्यांच्या खुर्चीवर येऊन बसली. जन्मभर सुरू करायचा इशारा त्यांनी द्यायचा. आज तिचा हात वर गेला. एवढी भीती त्यांना कबुली देतानाही वाटली नव्हती.

पहिलाच सूर चुकला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“पुंजाजी, चुकलं त सांग गड्या,” ते पुटपुटले आणि डोळे मिटून पुन्हा गुणगुणायला लागले.