तांब्याला चुंबक लागत नाही

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकली, जिन्यात बसली. समोर जमिनीपर्यंत मखमल सोडलेलं टेबल, त्यावर काचेचं झाकण आणि झाकणाखाली सुईच्या टोकावर तोललेली तांब्याची तबकडी. तिला दोरा नव्हता, वारा लागत नव्हता. टेबलामागे तबकडी महाराज डोळे मिटून बसले होते.

“पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, अख्खी आकाशगंगा फिरते,” ते संथपणे म्हणाले. “अडलंय ते फक्त तुमच्या आतलं चक्र. मी काहीच करत नाही. मी स्थिर आहे. माझ्या स्थिरपणापुढे बाकीचं आपोआप फिरतं.”

आणि तबकडी फिरू लागली. आधी झोपेतून उठल्यासारखी, मग भराभर. हॉलभर हात जोडले गेले.

मागच्या रांगेत बाई दातओठ खात बसल्या होत्या. त्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि टेबलासमोर हात जोडून बसलेली ताई त्यांची सख्खी मोठी बहीण होती. ताईला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून तिचं सगळं सुरळीत होतं. पण इथला नियम सोपा होता: तबकडी उजवीकडे फिरली की चक्र मोकळं, औषध बंद. डावीकडे फिरली की पुन्हा दर्शनाला या. ताईची उजवीकडे फिरली.

बाई उठल्या. “मला ती तबकडी तपासायची आहे.”

महाराज हसले. “अवश्य तपासा. फक्त टेबलाला हात नको, ते आसन आहे.”

तबकडी हातात आली तशी बाईंनी पर्समधून चुंबक काढला. आत लोखंड दडवलंय, याची त्यांना खात्री होती. त्यांनी चुंबक सगळीकडून फिरवला. कुठेच चिकटला नाही.

“बाई, तांब्याला चुंबक लागत नाही, हे शाळेतच शिकवतात ना?” महाराजांनी विचारलं आणि हॉल खदखदून हसला.

घरी परतताना ताई समजुतीच्या सुरात म्हणाली, “चिमणे, आता तरी मान. तूच सगळ्यांसमोर दाखवलंस, की त्यात चुंबकाची भानगड नाही.”

आपण चुकीचा प्रश्न विचारला आणि त्याचं बरोबर उत्तर महाराजांच्या पदरात टाकून आलो, हे बाईंना कळत होतं. भावजींना त्यांनी परोपरीनं सांगितलं की गोळ्या अशा एकाएकी तोडू नयेत. भावजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “तिला बरं वाटतंय ना? मग तुला काय त्रास आहे?”

पुढच्याच आठवड्यात ताई स्वयंपाकघरात कोसळली. उकळत्या पाण्याचं भांडं अंगावर आलं. हात कोपरापर्यंत भाजला, दवाखान्यात ठेवावं लागलं.

तिचे कपडे आणायला बाई तिच्या घरी गेल्या. कुलूप उघडेना. चडफडत किल्ली फिरवताना त्यांची नजर शेजारच्या वीजमीटरवर गेली. जुन्या पद्धतीचं मीटर. काचेमागे अॅल्युमिनियमची चकती सावकाश फिरत होती. अॅल्युमिनियमलाही चुंबक लागत नाही. तिला कुणी ढकलत नव्हतं. आतल्या तारांच्या वेटोळ्यांचं चुंबकत्व सरकत राहतं, म्हणून ती फिरते. हे बाई दर वर्षी फळ्यावर लिहीत, सूत्रासकट. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चुंबक तबकडीत नव्हताच. तो टेबलाखाली होता, आणि फिरत होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी हातानं फिरवायच्या ड्रिलला दोन चुंबक बसवले, वर पातळ फळी धरली आणि फळीवर तांब्याची चकती तोलली. ड्रिल फिरवला, चकती फिरली. उलटा फिरवला, उलटी फिरली. मग त्यांनी दुसऱ्या चकतीला कडेपासून मध्याकडे करवतीनं चिरा पाडल्या.

ती चिरलेली चकती आणि ड्रिलचं सगळं सामान घेऊन त्या पुन्हा हॉलमध्ये उभ्या राहिल्या. “महाराज, ही माझी चकती. हीसुद्धा तांब्याचीच आहे. हिला फिरवा.”

तांबं म्हटल्यावर महाराज निर्धास्त झाले. डोळे मिटले, पृथ्वी, सूर्य, आकाशगंगा सगळं म्हणून झालं. चकती थोडी थरथरली आणि बसून राहिली. महाराजांनी डोळे उघडले. “तुम्ही धातूला जखमा केल्यात. त्यातून ऊर्जा गळते.”

“गळत नाही, वाट अडते,” बाई म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी टेबलावर होकायंत्र ठेवलं. त्याची सुई वेड्यासारखी गरगरू लागली. पुढच्या रांगेतल्या एका शिंप्यानं ते बघितलं आणि सरळ मखमल वर उचललं. खाली मोटर होती, तिच्यावर दोन जाडजूड चुंबक फिरत होते आणि महाराजांच्या गुडघ्याशी उजवं-डावं करायचं बटण होतं.

“समजा, तबकडीवर मुंगी बसलीय,” बाई म्हणाल्या. “तिला वाटतं, आपण जागच्या जागी आहोत आणि खालून चुंबक पळतोय. चुंबक असा पळाला की तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते तबकडीला त्याच्यामागे ओढतात. तबकडीनं वेग घेतला की मुंगीला चुंबक हळू झालेला दिसतो, ओढही कमी होते. दोघांचा वेग एक झाला तर ओढच संपेल, म्हणून तबकडी नेहमी थोडी मागे राहते. स्थिर कोण, हे आपण कुठे बसून बघतो त्यावर ठरतं. पण दोघांच्या वेगातला फरक कुठूनही बघा, तोच. सगळी ओढ त्या फरकाची. चिरा पाडल्या की भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही.”

त्यांनी आपला ड्रिल शिंप्याच्या हातात दिला आणि वर फळी धरून तिच्यावर न चिरलेली चकती तोलली. त्यानं फिरवला, वरची चकती फिरली. तो पुन्हापुन्हा फिरवत राहिला.

महाराज मागच्या दारानं कधी गेले, कळलं नाही. लोक पांगले. काही ओशाळलेले, काही बाईंवरच चिडलेले. एक आजोबा मात्र थांबले. “बाई, तुमच्या या यंत्रानं माझा गुडघा बरा होईल का?”

बाईंना रडावं की हसावं, कळेना. एवढं घसा फोडून सांगितलं आणि यांना फक्त महाराज बदलून हवे होते. “नाही, आजोबा,” त्या शेवटी म्हणाल्या. “हाडांच्या डॉक्टरांकडे जा.”

दवाखान्यात ताईनं सगळं ऐकलं. “मग गोळ्या सोडल्यावरही काही दिवस मला बरं कसं वाटलं?”

“गोळ्यांचा असर एका दिवसात जात नाही. आणि तुला फिट रोज कुठे यायची? मधल्या चांगल्या दिवसांचं श्रेय त्यानं घेतलं.”

“आता तू म्हणशील ते ऐकेन, चिमणे.”

“तेच नकोय मला,” बाई वैतागून म्हणाल्या. “माझंही असं ऐकू नकोस. मीही त्या दिवशी खात्रीनंच चुकले होते. गोळी कशासाठी, बंद केली तर काय होईल, ते डॉक्टरांना विचार. मला विचार. जो विचारू देत नाही, टेबलाला हात लावू देत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस. कळेपर्यंत विचारत राहा.”

ताईनं मान हलवली. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा तिनं चांगला हात वर केला. “डॉक्टर, मला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वेळ लागेल. बसता का जरा?”