बरं आहे, येतो

मी चिडका आहे असं आमची मंदाकिनी कल्याणभर सांगत फिरते. साफ खोटं! चुकीचं मला सहन होत नाही, एवढंच. वीस वर्षं मी ठाण्याच्या कोर्टात नक्कलनवीस होतो. मूळ कागदावरून हुबेहूब दुसरा कागद लिहून काढायचा, हे माझं काम. मुळात चूक असली तर तीही तशीच उतरवायची, मक्षिकास्थाने मक्षिका. मग खाली लिहायचं 'अस्सलबरहुकूम नक्कल' आणि सही ठोकायची. माझं अक्षर पाहून वकील म्हणायचे, "गद्रे, वाचायचं सोडून नुसतं बघत बसावंसं वाटतं हो."

त्या हातालाच दृष्ट लागली. चोपन्न सालच्या थंडीत बोटांचे सांधे सुजले आणि होळीपर्यंत टाक धरता येईना. सदऱ्याची बटणंसुद्धा मंदाकिनी लावून द्यायची. पंचेचाळिशीचा बाप्या मी, आणि रोज सकाळी बायकोसमोर मान वर करून उभा! लाज वाटायची. आणि लाज वाटली की मी ओरडायचो. ती शेवटचं बटण लावून म्हणायची, "झालं ओरडून? आता चहा घ्या."

कचेरीने रजा दिली, ती दर महिन्याला डॉक्टरचं पत्र आणायच्या बोलीवर. शेक झाले, लेप झाले, निर्गुडीचा पाला बांधून झाला. खडवलीच्या एका वैदूने तर मधमाश्या चाववून घ्यायला सांगितलं.

"आधी मधमाशीला विचारा," मंदाकिनी म्हणाली. "तुम्हांला चावून तिचंच काही बरंवाईट व्हायचं."

अशात कळलं की ठाण्याला तळ्याजवळच्या एका धर्मार्थ दवाखान्यात संधिवातावर नव्या गोळीचा प्रयोग चालू होतोय. आम्ही दोघं गेलो. तिथले डॉक्टर राघवन मद्रासकडचे. तरुण, काळेसावळे, अतिशय अदबशीर. मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळे बोलायला लागले की धडा वाचल्यासारखं वाटायचं.

"ही गोळी नवीन आहे," ते म्हणाले. "प्रथम सशांना दिली. मनुष्यांना आता प्रथमच देत आहोत. एकंदर चोवीस रुग्ण आहेत. बारा जणांना खरी गोळी, बारा जणांना खडूची. दोन्ही दिसण्यास सारख्या. कोणास कोणती, हे मलाही माहीत नाही. ती यादी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे आहे. आपली हरकत नसेल तरच आपण यावे."

"सशांचं काय झालं?" मंदाकिनीने विचारलं.

"ससे उत्तम आहेत."

"मग यांना द्या."

संमतीचा कागद पुढे आला. सही करायला टाक उचलला आणि तो बोटांतून गळून पडला. अक्षरावर वीस वर्षं जगलेल्या माणसाने त्या कागदावर अंगठा उठवला. परतताना मंदाकिनीने एकही टोमणा मारला नाही, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं.

दर गुरुवारी दवाखान्यात जायचं. बाहेर बाकावर आम्ही रांगेने बसायचो. माझ्या एका बाजूला खाडीकडच्या मिठागरात राबणारा नाथा, गुडघे धरलेला. दुसऱ्या बाजूला डोंबिवलीच्या विमलाबाई, शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांचा खांदा आणि कोपर. एकेकाने आत जायचं. डॉक्टर सांधा दाबून पाहणार, मग हात जोडून विचारणार, "आपणास कसे वाटते?" आता आपल्या माणसाला असं प्रेमाने विचारलं की तो थोडक्यात आटपतो होय? मी पार अमावास्येपासून सुरुवात करायचो. डॉक्टर मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी वहीत काहीतरी टिपायचे. इतका ऐकून घेणारा डॉक्टर मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या हाताला मात्र काडीचा फरक नव्हता, आणि तेही मी त्यांना दर गुरुवारी बजावून सांगत होतो.

असे आठ आठवडे गेले आणि एका मंगळवारी कचेरीचं पाकीट आलं. मंदाकिनीने फोडून वाचलं. 'दवाखान्याकडून आलेल्या पत्रानुसार आपली प्रकृती गेले आठ आठवडे सातत्याने बरी आहे. सबब सोमवारी कामावर हजर व्हावे. काम न झाल्यास जागेवर दुसरी नेमणूक करण्यात येईल.'

"बरी?" मी ओरडलो. "कुणाची बरी? कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

"तुमच्या त्या ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांनी," मंदाकिनी म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. सोमवारी मी टेबलाशी बसणार, टाक गळून पडणार, आणि वीस वर्षांची जागा जाणार. माणूस दुसरं काही शिकतो म्हणे. मला अक्षराशिवाय काहीही येत नव्हतं.

गुरुवारी मी बाकावर बसलोच नाही, तरातरा आत गेलो आणि पत्र टेबलावर आपटलं. आपटताना हातातून कळ गेली, त्यामुळे राग दुप्पट झाला.

"डॉक्टर, मी बरा आहे असं तुम्हांला कोण म्हणालं?"

"आपणच," डॉक्टर म्हणाले.

"मी? कधी?"

"दर गुरुवारी." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. सतरा नंबर, गद्रे श्रीपाद. आठ आठवडे ओळीने एकच इंग्रजी शब्द, वेल, म्हणजे बरा. शेजारच्या रकान्यात, पुन्हा येण्यास राजी. पानं उलटली. नाथा, वेल. विमलाबाई, वेल. चोवीसच्या चोवीस जण वेल, आणि सगळे पुन्हा यायला राजी!

डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता. "मीच दुःखी आहे, गद्रे. ही वही मी मुंबईस पाठवली होती. तेथे यादीशी ताडून पाहिले. खडू खाणारेही बरे, गोळी खाणारेही बरे. म्हणजे गोळीत काही गुण नाही. आजपासून प्रयोग बंद करा, असा निरोप आहे."

"अहो, पण मी बरा नाहीये! दर वेळी घसा फोडून सांगतोय!"

"आपण पुष्कळ बोलता, आणि वेगाने. मला सर्व समजत नाही. पण माझ्या पुस्तकात लिहिले आहे, मराठीत महत्त्वाचा शब्द शेवटी येतो. म्हणून मी शेवटचे वाक्य नीट ऐकतो."

मी तोंड उघडणार, तोच विमलाबाई आत डोकावल्या. आरडाओरडा ऐकून त्यांना धीर धरवला नव्हता. "माझं तेवढं बघून घ्या हो डॉक्टर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वेणीसुद्धा शेजारची हेमा घालून देते. मेला हा हात तोडून ठेवावासा वाटतो!" बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, मान हलवली. विमलाबाईंनी पदराने डोळे टिपले, उठल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे, येते हं डॉक्टर."

डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, वेल. पुन्हा येण्यास राजी.

मी कपाळावर हात मारून घेतला. डावा.

"अहो महाराज!" मी म्हणालो. "हे तब्येतीचं नाही! हे निघायचं बोलणं आहे! आमच्यात घरातून उठताना माणूस म्हणतो, 'बरं आहे.' तापाने फणफणलेला असला तरी म्हणतो. भांडून निघाला तरी म्हणतो! आणि 'येतो' म्हणजे 'जातो'!"

"येतो म्हणजे जातो?"

"जातो म्हणणं अशुभ!"

डॉक्टरांनी वहीची पानं मागे उलटली. आठ आठवडे आम्ही चोवीस जण शिस्तीत निरोप घेत होतो आणि त्या भल्या माणसाने तेवढाच इमानेइतबारे टिपून ठेवला होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग कोणी खरोखर बरा झाला, हे मला कसे कळणार?"

दारातून नाथा ओरडला, "मना इचारा की! माजं गुडघं दुखायचं ऱ्हायलं. मी आता उकिडवा बसतंय! कवाधरनं सांगतंय, ह्ये नुसती मान हालवतान!" आणि तो तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, सगळ्यांदेखत उकिडवा बसून उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस भिंत धरून यायचा. डॉक्टरांच्या वहीत त्याच्या गुडघ्याचा आनंद आणि माझ्या बोटांचा ठणका एकाच शब्दात बसवलेला होता. प्रयोग आज बंद झाला असता तर त्याची गोळीही बंद, आणि माझी बरं व्हायची आशाही बंद.

इथे माझ्यातला नक्कलनवीस जागा झाला. "डॉक्टर, माझ्या शेजारी खुर्ची टाका. म्हणजे तुमच्या शेजारी, मला. माणूस जे बोलेल ते मी सावकाश सांगतो, तुम्ही लिहा. एकही शब्द वगळायचा नाही, पदरचा घालायचा नाही. मक्षिकास्थाने मक्षिका. आणि एक नियम करा. माणूस बसलेला असताना बोललेलं लिहायचं. उभा राहिल्यावर बोललेलं लिहायचं नाही."

राघवन मनाचे मोठे. चूक आपलीच होती, असं त्यांनी मुंबईला स्वच्छ कळवलं आणि चार आठवड्यांची मुदत मागून घेतली. माझ्या कचेरीलाही दुसरं पत्र गेलं. तिकडून उत्तर आलं: दिवाळीपर्यंत. त्यानंतर एक दिवसही नाही.

ते चार गुरुवार मी दुभाषी झालो. काय एकेक ऐकलं! एकाचा खांदा पावसाआधी बोलायचा, एकाचा सासुरवाडीला जायच्या आदल्या दिवशी. डॉक्टर सगळं लिहून घेत होते. कुणी उठता उठता "बरं आहे" म्हणालं की टाक खाली ठेवून, हात जोडून, तेही म्हणायचे, "बरं आहे, या." बाकावर हशा पिकायचा. माझ्यावर पाळी आली की मात्र मला हसू यायचं नाही. मी आपला तेच तेच लिहवून घ्यायचो, टाक धरता येत नाही, बटण लागत नाही, रात्री ठणकतं. चौथ्या गुरुवारी तर नुसतं म्हणालो, "मागचंच पुन्हा उतरवा." दिवाळी जवळ येत होती आणि मला भीती वाटत होती.

वही मुंबईला गेली आणि आठवड्याने उत्तर आलं. खरी गोळी खाणाऱ्या बारांपैकी नऊ जणांना चांगला उतार होता. खडू खाणाऱ्यांत दोघांनाच. गोळीत दम होता! आणि सतरा नंबर, गद्रे श्रीपाद? खडू!

"तीन महिने!" मी घरी येऊन खोली दणाणून सोडली. "तीन महिने मी खडू चघळला!"

"तरी म्हटलं," मंदाकिनी म्हणाली, "अलीकडे शाळामास्तरासारखे का ओरडताय." आणि मग एकदम पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. कारण त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं की खडूवाल्या सगळ्यांना आता खरी गोळी देण्यात यावी.

पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात ठणका कमी झाला. मी विश्वास ठेवला नाही. तिसऱ्यात चहाचा कप एका हाताने उचलला, पण कुणाला बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी मंदाकिनी सवयीने समोर येऊन उभी राहिली, तर सदऱ्याची बटणं लावलेली. एक घर चुकलं होतं, खाली एक बटण जादा उरलं होतं. तिने ते पाहिलं आणि नीट केलं नाही.

"असंच जा," एवढंच म्हणाली.

दिवाळीला सहा दिवस होते. दवाखान्यात मी खुर्चीवर बसून सगळं रीतसर सांगितलं. ठणका नाही, मूठ वळते, कप उचलतो, बटणं चार. डॉक्टरांनी शब्द न् शब्द टिपला. मराठी बरंच सुधारलं होतं त्यांचं, आता ते मलाच म्हणायचे, "गद्रे, पाल्हाळ नको." मी उठलो, आणि नेहमीप्रमाणे तोंडातून गेलं, "बरं आहे, येतो."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला नाही. "उभे राहून बोललात," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे लिहिता येत नाही."

मला काय झालं कोण जाणे. मी परत खुर्चीवर बसलो. "बरं आहे," मी म्हणालो. मी रडत होतो, काही लपवायचं नाही त्यात. "लिहा, डॉक्टर. नाही, थांबा. तो टाक इकडे द्या."

त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे ठेवली. सतरा नंबरच्या ओळीत, रकान्यात, मी माझ्या हाताने लिहिलं, 'बरं आहे.' 'र' जरा लंगडा आला आणि काना तिरका गेला. पूर्वी असं अक्षर कुणी काढलं असतं तर मी कागद फाडला असता. हात मात्र थांबेना. वीस वर्षांच्या सवयीने त्याने खाली लिहून टाकलं, 'अस्सलबरहुकूम नक्कल'.

मग माझं लक्ष गेलं. मी 'बरहुकूम नक्कल' एवढं खोडलं, 'अस्सल' तेवढं ठेवलं आणि सही केली.