मिटायचा नाही असा लॅपटॉप

अकराला पाच मिनिटं कमी होती आणि प्राप्तीने तिसऱ्यांदा पाळण्यात डोकावून पाहिलं. शिवानी झोपलेली. दहा महिन्यांची पोर, पण आईला काम असलं की हिला नेमकी जाग येते.

परीक्षा अकरा ते साडेबारा. ठाण्याच्या एका प्रकाशनाला घरबसल्या मुद्रितं तपासणारी माणसं हवी होती. साठ प्रश्न, मोबाईलवर चालणार नाही, आणि लॉगिन फक्त तीनदा. बाळंतपणात नोकरी सुटल्यापासून भरलेला हा सतरावा अर्ज. इथवर पोचलेला पहिलाच.

लॅपटॉप मात्र नवऱ्याच्या कृपेचा. विंडोज रखडतं म्हणून सलिलने गणपतीच्या सुट्टीत ते पुसून लिनक्स टाकलेलं. "फुकट आहे, हलकं आहे, बघ कसा पळतो!" पळायचा खरा. फक्त झाकण मिटलं की जो झोपायचा तो उठायचाच नाही. पंखा घरघरतोय, स्क्रीन काळी ठिक्कर. बटण दहा सेकंद दाबून बंद करा, पुन्हा सुरू करा. झाकण मिटलं तरी जागा राहा, असं सेटिंगही सलिलने करून पाहिलेलं. कंपनीने आत बसवलेलं फर्मवेअर ते जुमानत नव्हतं.

सव्वाअकराला शिवानी रडली. प्राप्ती तिला खांद्यावर टाकून बाहेर येते तर लॅपटॉप मिटलेला, आणि शेजारी सासूबाई मेथी निवडतायत.

"आई! तुम्ही मिटलात?"

"अगं, उघडाच टाकून उठलीस. विद्येची वस्तू अशी टाकू नये. आम्हाला पुस्तक उघडं ठेवून उठलो तर मार बसायचा."

"पुस्तक परत उघडतं हो, आई. हा नाही उघडत!"

बटण. दहा सेकंद. तो सुरू होईतो तिने सलिलला नौपाड्याच्या ऑफिसात फोन लावला.

"अगं, बायॉस, म्हणजे ते आतलं फर्मवेअरच, अपडेट केलं की होईल बहुतेक. कंपनीच्या साइटवर आलंय नवं."

"मग केलं का नाहीस?"

"ती फाईल पेनड्राइव्हवर चढवायलाही विंडोजच लागतं."

"आणि विंडोज कुठेय?"

"ते मी उडवलं ना."

"म्हणजे लिनक्स नीट चालायला आधी विंडोज पाहिजे. वा!"

"चूक कंपनीची आहे, प्राप्ती. फोरमवर दोनशे जणांनी लिहिलंय..."

"त्या दोनशे जणांची आज परीक्षा आहे का?" तिने फोन ठेवला.

दुसरं लॉगिन. उत्तरं जागेवर होती, अकरा मिनिटं गेली होती.

"आई, आता याला हात लावायचा नाही." ठरवलं होतं त्यापेक्षा आवाज कडक निघाला. सासूबाई मेथीची परडी उचलून आत गेल्या.

बाराला ती तेहतिसाव्या प्रश्नावर होती. शिवानी रांगत चार्जरपाशी पोचली आणि वायर तोंडात घातली. प्राप्ती ताडकन उठली. वायर ओढली, तोंडात बोट फिरवून पाहिलं, काही गिळलं नाही ना. नव्हतं. मग वळली.

झाकण मिटलेलं होतं. सासूबाई आतच होत्या. उठता उठता तिच्याच हाताने मिटलेलं, शाळेपासून पुस्तक मिटूनच उठणाऱ्या हाताने.

ती खुर्चीत बसून रडायलाच लागली. सासूबाई बाहेर आल्या, लॅपटॉपकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. एका काखेत नातीला घेतलं, स्टूल ओढलं, आणि दुसऱ्या हाताने झाकणाची कड पकडली.

"कर सुरू. मी धरून बसते."

तिसरं लॉगिन, शेवटचं. वीस मिनिटं. शिवानी आजीचं मंगळसूत्र चघळत होती, आजीचा हात मध्येच अवघडायचा आणि स्क्रीन हलायची. पण हात सुटला नाही.

साडेबाराला उत्तरं आपोआप जमा झाली.

"किती राहिले?"

"नऊ."

"मिळेल ना तरी?"

"काय माहीत, आई. नऊ म्हणजे पुष्कळ झाले."

तिने सलिलला मेसेज टाकला: येताना त्या अपडेटसाठी कुणाचातरी विंडोजवाला लॅपटॉप घेऊन ये. हातापाया पड, पण आण.

शिवानीची पेजेची वेळ टळून गेलेली. दोघी उठल्या. सासूबाईंचा हात सवयीने झाकणाकडे गेला आणि अधांतरी थांबला. त्यांनी खांद्यावरचं दुपटं काढलं आणि उघड्या लॅपटॉपवर पसरलं.

"मिटत नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "झाकून तरी ठेवू."

दुपट्याखाली पंखा घरघरत राहिला.