बाराव्या पडद्यावरचा सूर

मित्रांनो, मी एक जुना युकुलेले आहे. नावाला हसू नका, ते काही मी ठेवलेलं नाही. बरेच लोक मला गिटारचं पिल्लू समजतात. चार नायलॉनच्या तारा, त्या पिळायला चार खुंट्या आणि मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या, एवढाच माझा संसार. त्या पट्ट्यांना पडदे म्हणतात. बोट ज्या पडद्यापाशी दाबाल, तसा सूर बदलतो. माझी सगळी गोष्ट त्या पडद्यांपाशीच घडली.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून माझं पोट तयार केलं. त्यावर ना फूल, ना नक्षी. पुण्याला येताना खोक्यात कशाला तरी घासून माझ्या कडेला लांब ओरखडा पडला, आणि शनिवार पेठेतल्या रंगनाथकाकांच्या दुकानात मला अगदी मागचा खिळा मिळाला. पुढे निळे, गुलाबी, डॉल्फिनची चित्रं असलेले माझे भाऊबंद टांगलेले असत. लोक रंग बघत आणि घेऊन जात. जाता जाता कुणी विचारलंच, की आवाज चांगला आहे ना, तर काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "नाही हो, मुके ठेवलेत विकायला."

ओरखड्यामुळे माझी किंमत उतरली होती. तरी मला कुणी हात लावत नव्हतं.

एके दिवशी दुकानात एक आई आली. तिचं नाव आम्रपाली. एका हातात सात वर्षांची तनया, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत एक लालभडक युकुलेले. तनया उंबऱ्यापाशीच थांबली आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्यावरच्या स्कूटर बघत राहिली. आम्रपालीने आवाज खाली आणून काकांना सगळं सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवत होते. गाण्याच्या बाई तनयाला म्हणाल्या, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. तेव्हापासून पोरीने गाणं टाकलं होतं. पूर्वी आंघोळीपासून भातावर वरण पडेपर्यंत सतत काहीतरी गुणगुणायची. आता घर कसं गप्प गप्प झालं होतं.

मित्रांनो, ही आई फार जपणारी होती. डब्याचं झाकण दोनदा दाबून बघणाऱ्यांपैकी. तो लाल युकुलेले तिनेच मोबाईलवरून मागवला होता, तनया त्याच्या सुरावरच गायला शिकली होती, आणि ऑफिसला निघण्याआधी ती रोज त्याच्या तारा स्वतः लावायची. तरीही मुलगी बेसूर निघाली, याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्या लेकीला सूरच नाही की काय, हा प्रश्न तिने नवऱ्यालाही विचारला नव्हता. आता जरा बऱ्या आवाजाचं वाद्य घेऊन शेवटचा प्रयत्न करायचा, आणि बजेट बेताचंच, असं तिने काकांना सांगून टाकलं.

काकांनी लाल युकुलेले हातात घेऊन वरखाली केला. "हा कुणी लावलाय?"

"मीच लावते, काका. रोज अ‍ॅपवर बघून. चारही तारांना हिरवा दिवा लागतो."

"मोकळ्या तारेला लागतो. मग बोटं काय खिशात ठेवून वाजवायचं?"

मग त्यांनी तिला वाद्य निवडायची रीत सांगितली. आधी तार मोकळी छेडायची. मग बाराव्या पडद्यापाशी बोट दाबून तीच तार पुन्हा छेडायची. सूर तोच यायला हवा, फक्त उंच. वेगळा आला, तर पडदे चुकीच्या जागी बसलेत. रंग मागाहून बघा, म्हणाले, आणि स्वतः चहा प्यायला वळले.

आम्रपालीने आधी लाल युकुलेले तपासला. मोकळी तार नीट बोलली. बाराव्या पडद्यावर मात्र सूर वर सरकलेला, चांगलाच वाकडा. ती दचकली. मग निळा घेतला, गुलाबी घेतला, डॉल्फिनवाला घेतला. कुणी थोडा चुकत होता, कुणी जास्त. शेवटी ती मागच्या खिळ्यापाशी आली. माझा ओरखडा तिने बोटाने चाचपला, आणि तार छेडली. मोकळी. मग बाराव्या पडद्यावर. माझ्या पोटातून तोच सूर उजळून वर गेला. खरं सांगतो, इतक्या दिवसांत मीही तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि तेवढ्यात उंबऱ्यातून तोच सूर आला. अगदी बारीक, मिटल्या ओठांतून गुणगुणलेला.

आम्रपालीने वळून पाहिलं. तनया अजून पाठमोरीच होती. आईने पुन्हा लाल उचलला आणि त्याचा तो वाकडा सूर छेडला. उंबऱ्यातून वाकडा सूर आला, जितका वाकडा तितकाच. पुन्हा मी. सरळ सूर. पुन्हा गुलाबी. त्याची थोडीशी चूकही त्या मिटलेल्या ओठांनी जशीच्या तशी उचलली. पोरीला आपण गातोय हेही कळत नव्हतं. ती स्कूटर मोजत होती.

तेव्हा आईच्या लक्षात आलं. लेक बेसूर नव्हतीच. लाल युकुलेलेने जे शिकवलं, ते तिने केसभरही न बदलता गळ्यात ठेवलं होतं. म्हणून घरी तिचं लाल युकुलेलेशी जुळायचं, आणि शाळेत पेटीशी जुळत नव्हतं.

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. "बाई," ते हळूच म्हणाले, "हा कान विकत मिळत नाही." मग मला पुसून त्यांनी स्वतः पिशवीत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात आम्रपाली मला आणि तनयाला घेऊन शाळेत गेली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेटीवर सूर धरला. तनयाने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गायली. पहिली ओळ संपेपर्यंत बाईंचा भात्यावरचा हात थांबला होता. पेटीचा सूर विरला, तनयाचा तिथेच राहिला. मला तर माझं लाकूड शहारल्यासारखं वाटलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या कौतुकाची गेली. वाढदिवसांना, सहलींना, गच्चीवर, सगळीकडे मी असायचो. मग तनया मोठी झाली, दहावीचे क्लास सुरू झाले आणि मी कपाटावर गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आम्रपाली मला विसरली नाही. रविवारी साफसफाई करताना ती मला खाली उतरवायची, कोरड्या फडक्याने पुसायची, उन्हाची तिरीप माझ्यावर येत नाही ना बघायची आणि परत ठेवायची. वाजवायला मात्र तिला येत नव्हतं.

गेल्या रविवारी पुसताना फडकं तारांना नुसतं लागलं. झर्रकन आवाज झाला न झाला, तोच आतल्या खोलीतून, पुस्तकातून डोकंही वर न काढता, तनया म्हणाली, "आई, दुसरी तार उतरलीय."

आम्रपालीने मोबाईल उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. अ‍ॅप न उघडताच ती मला घेऊन आत गेली आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. तनयाने खुंटी किंचित पिळली. मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना ऊन आणि ओल यांपासून जपा, धूळ पुसा, अधूनमधून वाजवा. आणि एखादं मूल चुकीचं गातंय असं वाटलं, तर त्याला मागच्या रांगेत पाठवण्याआधी एकदा त्याच्या हातातलं वाद्य तपासा. तो लाल युकुलेले अजून आमच्या घरी आहे, कपाटावर माझ्या शेजारीच. आम्रपाली त्यालाही दर रविवारी पुसते.