डेपोची गाडी

बागेतलं चालणं त्याला तीन दिवसांच्या वर झेपलं नाही. ज्या फाटकातून आत शिरायचं त्याच फाटकाशी यायचं, पुन्हा निघायचं, पुन्हा तिथंच, असं सहा वेळा. बावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं.

"तासभर चाललो आणि पोचलो कुठं? घरीच," तो चपला भिरकावत बायकोला म्हणाला.

"पोचायचंय कुठं तुम्हाला? हृदय हलतं ठेवायचंय ना?"

"मग ते बसल्या जागी हलत नाही होय?"

दवाखान्याचा कागद बायकोने फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवला होता, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि कणीक मळायला घेतली.

त्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. वार्षिक तपासणीत ड्रायव्हरचं हृदय कमी पडलं होतं. दुखणं मोठं नव्हतं, पण दोन जिने चढून आला तेव्हा त्याला डॉक्टरबाईंना स्वतःचं नावसुद्धा एका दमात सांगता आलं नव्हतं. तेव्हा आजपासून रोज चालायचं, भरभर. सहा आठवड्यांनी चालत्या पट्ट्यावर चाचणी. नऊ मिनिटं टिकला तर बस परत हातात. नाही टिकला तर डेपोतली चौकशीची खिडकी, ती थेट निवृत्तीपर्यंत. तोवरही खिडकीच.

खिडकीत बसून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. टेबलाखाली उजवा पाय सारखा ब्रेक शोधायचा. लोक जाळीतून विचारायचे, "सव्वीस नंबर कधी येणार?" आणि जो माणूस ती आणायचा तोच त्यांना सांगायचा, "येईल." मग सव्वीस नंबर यायची. नव्या ड्रायव्हरने गिअर टाकला की खर्र असा आवाज व्हायचा, आणि खिडकीतला माणूस दातओठ खात तिकडे पाठ करायचा. मरणाची त्याला एवढी भीती वाटत नव्हती. त्या खिडकीची वाटत होती. आपण असेच इथे सुकत बसणार, ही धास्ती त्याला झोपेतही सोडत नव्हती.

चौथ्या दिवशी त्याने बागेला रामराम ठोकला आणि आपला स्वतःचा रस्ता धरला. पाण्याच्या टाकीपासून डेपोपर्यंत सव्वीस नंबरचे दहा स्टॉप होते. टाकी, पोस्ट, वखार, शाळा, कोर्ट, असे सगळे. पहाटे सहाला टाकीपासून निघायचं आणि बसच्या वाटेने डेपो गाठायचा. चहा घ्यायचा, खिडकीत बसायचं.

"मीही येते," बायको म्हणाली होती.

"नको. तुझ्यामुळं टायमिंग चुकेल."

तिने नाक मुरडलं.

आता त्याला चालायला हुरूप आला. पोस्टाला सहा वाजून पाच, वखारीला अकरा. चार-दोन दिवसांत स्टॉपवरची माणसंही ओळखायला लागली, कारण सगळी त्याच्याच गाडीची होती. शाळेच्या स्टॉपवर एक निवृत्त शिक्षिका उभ्या असायच्या. बहिणीकडे डबा पोचवायला त्या रोज पहिल्या बसने जायच्या. लांबून त्याला बघितलं की छत्री आडवी धरून गाडी थांबवल्यासारखं करायच्या.

"आज इंजीन गरम दिसतंय तुमचं," त्या म्हणायच्या.

"चढ लागला ना, बाई."

तीन आठवडे त्याने एक दिवस चुकवला नाही. मधल्या तपासणीला छाती काढून गेला. तिथे पट्टा सुरू झाला, आणि साडेपाच मिनिटांना त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरबाईंनी पट्टा थांबवला आणि कपाळाला आठ्या घालून कागद पाहिला.

"खरं सांगा. चालता का?"

"रोज. पन्नास मिनिटं. बायकोला विचारा."

"न थांबता?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "न थांबता कसं, बाई? दहा स्टॉप आहेत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग एकेक गोष्ट बाहेर आली. ड्रायव्हर प्रत्येक स्टॉपवर थांबत होता. माणसं असली तर मिनिटभर, नसली तर निदान अर्धा मिनिट. कोर्टाच्या स्टॉपवर दोन मिनिटं, कारण तिथे दोन मिनिटांचा हॉल्ट होता. हृदय जरा कुठे कामाला लागलं की हा त्याला सुट्टी देत होता. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं.

"पंचवीस मिनिटं सलग," बाई म्हणाल्या. "बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगानं. मध्ये थांबायचं नाही. तीन आठवडे आहेत अजून."

सोपं होतं ऐकायला. दुसऱ्या दिवशी पोस्ट त्याने पार केलं, पण वखारीपाशी पाय आपोआप मंद झाले. तिथे चार माणसं उभी होती. त्यातल्या एकाने हात वर केला, आणि बावीस वर्षांत उभ्या माणसाला टाकून जो कधी पुढे गेला नव्हता तो ड्रायव्हर थांबला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने मान खाली घालून शाळा ओलांडली. मागून शिक्षिका म्हणाल्या, "अहो, गाडी येतेय का बघितलंत?" हा पन्नास पावलं पुढे गेला, चुटपुट लागली, परत आला आणि म्हणाला, "येतेय, बाई. पोस्टाला दिसली." झालं. पंचवीस मिनिटांची वाट लागली.

चिडून त्याने चार दिवस चालणंच सोडलं. पहाटे जाग यायची, तो छताकडे बघत पडून राहायचा, पाय पांघरुणाखाली वळवळत राहायचे. पाचव्या दिवशी बायकोने पांघरूण ओढलं.

"बसा मग जन्मभर त्या खिडकीत. मी येईन रोज विचारायला, सव्वीस नंबर कधी येणार म्हणून."

हे त्याला झोंबलं. इतकं झोंबलं की तो चहा न घेता डेपोत गेला आणि कोणाशी धड बोलला नाही.

त्या दिवशी दुपारी मात्र खिडकीतून त्याला रोजचीच एक गोष्ट दिसली. समोरच्या स्टॉपवर पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. एक रिकामी बस आली. लोकांनी हात केले. तिच्या ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलंही नाही, स्टॉप सरळ ओलांडून फाटकातून आत आला. आणि कोणी त्याला शिवी दिली नाही, कारण गाडीच्या कपाळावर पाटी होती, डेपो.

त्याचा पाय टेबलाखाली थांबला.

घरी आल्या आल्या त्याने शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा काढला. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, डेपो. बायको बघतच राहिली.

"डेपोत बसायला लागू नये म्हणून डेपोची पाटी लावणार?"

"डेपोची गाडी मध्ये कुठं थांबत नाही. नियम आहे."

ती हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने चार सेफ्टी पिना शोधून पुठ्ठा त्याच्या छातीवर नीट सरळ लावून दिला.

पहिल्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वखारीपाशी लोक खो खो हसले. शिक्षिकांनी छत्री आडवी धरली, पाटी वाचली आणि छत्री मुकाट्याने बाजूला घेतली. तो थांबला नाही. शाळा गेली, कोर्ट गेलं, घाम डोळ्यांत उतरला, छाती भात्यासारखी चालू लागली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे असं आजवर एकदाही झालं नव्हतं. पुढे रोज त्याने ते केलं. आवडलं म्हणाल तर मुळीच नाही. रोज पहाटे जिवावर यायचं, रोज कुरकुर करत तो पिना लावायचा.

चाचणीच्या दिवशी पट्ट्यासमोर पांढरी भिंत होती. रस्ता नाही, स्टॉप नाहीत. सहा मिनिटं बरी गेली. सातव्याला पट्टा आणखी चढला आणि पोटऱ्या दगड झाल्या. आठव्याला कानांत शिट्टी वाजू लागली. यंत्रावर बसलेल्या माणसाने लाल बटणाकडे हात नेला.

"छातीत दुखतंय का? थांबवू?"

"दुखत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "थांबवू नका. गाडी डेपोची आहे."

त्या माणसाने भांबावून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई पडद्यावरच्या रेषांकडे बघत होत्या. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

नऊ मिनिटं आणि वर वीस सेकंद. सही झाली. कागदावर खाली आणखी एक ओळ होती, पुन्हा चाचणी सहा महिन्यांनी, पण ती त्या दिवशी कोणी मनावर घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सव्वीस नंबरचा गिअर टाकला तेव्हा खर्र झालं नाही, आणि मागून कंडक्टरने उगाच चार घंट्या जास्त दिल्या.

त्याच्या पुढची पहाट उजाडली. सहाला पाच कमी. दुपारपाळी होती, खिडकी सुटली होती, भीती गेली होती. आणि भीतीबरोबर उठायचं कारणही गेलं होतं. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले, तो मनाशी म्हणाला. सोमवारपासून बघू. त्याने कूस बदलली. पाय तेवढे स्वस्थ राहीनात.

बाहेर दाराची कडी वाजली. त्याने मान वर करून पाहिलं. बायको बूट घालून उंबऱ्याबाहेर उभी होती. पुठ्ठा तिच्या छातीवर होता, चारी पिना लावलेल्या.

"हे काय?"

"टायमिंग झालं," ती म्हणाली. "मी निघाले."

"थांब, मी तोंड तरी धुतो."

"पाटी वाचा. थांबता येत नाही." ती पायऱ्या उतरू लागली. "यायचं असेल तर चालत्या गाडीत चढा."

चालत्या गाडीत चढणाऱ्यांना बावीस वर्षं त्याने आरशातून शिव्या घातल्या होत्या. तो ताडकन उठला, एक चप्पल आणि एक बूट असा पायांत सरकवला, आणि टाकीच्या वळणावर ती दिसेनाशी व्हायच्या आत तिला गाठायला पळत सुटला.