राहिलेले सत्कार

सामना संपायला तीन सेकंद उरले असताना प्रमुख पाहुणे आले, त्यामुळे चेंडू हवेतच थांबला. आमच्याकडे पाहुणे आले की खेळ थांबवून आधी सत्कार करतात, आणि ही पद्धत चेंडूला ठाऊक होती. चेंडू टाकणारी तस्लीम मुलाणी उडीतच होती. तीही जमिनीपासून दोन फुटांवर थांबली.

मी वाईच्या मुलींचा बास्केटबॉल प्रशिक्षक. आम्ही एका गुणाने मागे होतो. हा चेंडू रिंगमधून पडला तर वाई पहिल्यांदाच अंतिम सामना जिंकणार होती.

पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन झालं. चेंडू काही हलला नाही. निवेदन करणाऱ्या शिंत्रेबाईंनी यादी चाळली आणि माईकवर म्हणाल्या, "अजून काही सत्कार राहिलेत. घोटणकर सर, पुढे या."

वाईला येण्याआधी मी अकरा गावांचे संघ घडवले होते. भुसावळ, नांदेड, मडगाव, भिलाई, कोची, अगदी मस्कतसुद्धा. आणि प्रत्येक गावातून निरोप समारंभाच्या आदल्या दिवशीच पळ काढला होता. मला रडू आवरत नाही, एवढंच कारण.

फाटकातून भुसावळचा संघ आत आला. मी सोडला तेव्हा होता तेवढ्याच वयाचा, त्याच ढगळ चड्ड्यांमध्ये. कप्तान निंबाजी फेगडे शाल उलगडत म्हणाला, "सर, वरातीमागून घोडं! पण आलं ना?"

मी इतका हसलो की नारळ हातातून सुटला.

त्यांच्यामागे नांदेड उभं होतं, नांदेडमागे मडगाव. रांग थेट कृष्णेच्या घाटापर्यंत गेली होती. मस्कतच्या मुलांनी खजुराचा डबा आणला होता. आधीची शाल कोणी काढेना, वरून नवी घालत राहिले. सहाव्या शालीनंतर माझे हात हलायचे थांबले. अकरावी हनुवटीपर्यंत आली. मी ढसाढसा रडत होतो आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, तेव्हा कोचीच्या पोरींनी पुसले. इतकी वर्षं या सुखाला मी घाबरत होतो! मूर्खच म्हणायचा.

"सर, आटपा ना," तस्लीम वरून म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या."

"आता शेवटचा, आपल्या वाईचा," शिंत्रेबाई म्हणाल्या.

तस्लीमचे अब्बा शाल घेऊन आले. त्यांनी ती माझ्यावर घातली. ती घसरून खाली पडली. त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा पडली.

"खांदाच सापडंना, सर," ते म्हणाले.

"सत्कार झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही," शिंत्रेबाई म्हणाल्या.

"पण वाईनं आत्ताच निरोप कशाला द्यायचा?" मी विचारलं.

"तुमचा राजीनामा आलाय ना सकाळी. उद्या निघताय म्हणे."

तो मीच लिहिला होता. सवयीचा मजकूर, फक्त गावाचं नाव बदललेलं. अब्बांनी तिसऱ्यांदा शाल घातली. तीही पडली. वर तस्लीमने ओठ घट्ट मिटले होते, पण तक्रार केली नाही.

"बाई, जो निघत नाही त्याचा सत्कार कसा करतात?"

"त्याचा कसला आलाय सत्कार? त्यानं उद्या सकाळी सहाला मैदानावर यायचं."

"मग सहाला येतो," मी म्हणालो. म्हटल्यावर कळलं की मला खरंच यायचं होतं.

शिंत्रेबाईंनी यादीवर काट मारली. अब्बांनी शालीची घडी घातली. तस्लीम धप्पकन खाली आली. चेंडू निघाला, रिंगच्या काठावर बसला आणि तिथेच गोल फिरू लागला.

बारा गावं मान वर करून बघत राहिली. मग निंबाजीने गाल फुगवले. मडगावने फुगवले, मस्कतने फुगवले, शालींच्या वरून मीही फुगवले. पंचांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं, तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि फुंकर घालायला मोठा श्वास घेतला.