रविवारचं वजन

"बावन्न किलो चारशे! गेल्या रविवारी पन्नास, आज बावन्न चारशे!"

कांदाचाळीपुढच्या काट्यावरून धनराज सर उतरले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. चांदवडपासून नामपूरपर्यंतची माणसं आली होती. बायका पदर पसरून पुढे सरकत होत्या. काट्यामागे खाटेवर बसलेल्या पुडीवाल्या बाबांनी हात वर केला.

"झिजणी म्हणजे काय? चोर! रक्तात बसून रोज पावशेर माणूस पळवतो. माझी पुडी म्हणजे हवालदार. चोराला धरते, मुद्देमाल परत आणते. आणि डॉक्टरची गोळी? ती चोराची मावसबहीण. तिला आधी घराबाहेर काढा!"

लोक खदखदून हसले. खंडेराव गुरुजी हसले नाहीत. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना एकच सवय लावली होती, आधी नीट बघा, मग बोला. ते आता धनराजकडे बघत होते. हा त्यांचाच विद्यार्थी, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. चेहरा गोल गरगरीत झालेला, पण दंड काडीसारखे. अडीच किलो वाढले, तर ते गेले कुठे?

त्यांनी त्याला बाजूला बाभळीखाली बसवलं. त्याला एचआयव्ही असल्याचं त्यानं स्वतः फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

"सिव्हिलच्या गोळ्या?"

"बंद केल्या, गुरुजी. चार महिने झाले."

"का रे बाबा? चांगला सावरला होतास. फुकट मिळतात ना?"

"फुकट मिळतात, पण दर महिन्याला जावं लागतं, तेही कामाच्या दिवशी. रजेच्या अर्जावर कारण काय लिहू? पोटदुखी झाली, बँकेचं काम झालं, मेव्हण्याचं लग्न दोनदा लावलं." तो कसनुसा हसला. "मग एकदा तिथल्या गोळ्यांच्या रांगेत पंचायत समितीच्या शिपायानं मला पाहिलं. आठ दिवसांत पोरांनी माझ्या हातची खिचडी घेणं बंद केलं. ताट मागे घ्यायची हो, दुसरीतली पोरं. बाबांकडे रविवार असतो. अर्ज नको. आणि रोगाचं नाव कुणी विचारत नाही."

गुरुजींनी त्याच्याकडून एक पुडी मागून घेतली आणि नाशिकला डॉक्टर सरिताकडे नेली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. शनिवारी तिचा फोन आला.

"गुरुजी, तपासून घेतली. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून सुंठीत मिसळल्यात. ताप उतरतो, भूक लागते, अंगात पाणी साठतं. म्हणून काट्यावर वजन भरतं. आतून मात्र उरलीसुरली ताकद मरते. अशा अंगात क्षय पसरायला रान मोकळं. त्याला लगेच आणा. आणि पुडी त्याला मनानं बंद करू देऊ नका, एकदम थांबवली तर तेही जिवावर बेततं."

धनराज म्हणाला, "एवढा एक रविवार जाऊ द्या. पंचावन्न भरलं की बाबा हार घालणार आहेत."

त्या रविवारी काटा चोपन्नवर थांबला. धनराजला दोन शब्द बोलताना धाप लागत होती. गुरुजी पुढे झाले, त्याला खाली बसवलं आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला. खळगा तसाच राहिला.

"मोजा," गुरुजी म्हणाले. लोकांनी वर्गातल्यासारखं मोजलं. वीस झाले तरी खळगा भरेना.

"सोमा, ओला कांदा काट्यावर कसा भरतो?"

"लय भरतो की! सुकला का घट येती," गर्दीतला कांदेवाला सोमा म्हणाला.

"मग हा माल ओला आहे. ह्याच्या अंगात मांस नाही, पाणी चढलंय." त्यांनी पुडीत काय आहे ते सांगितलं, तपासणीचा कागद वाचून दाखवला.

"शाळामास्तर काटा नापास करायला आलेत!" बाबा ओरडले.

"मग तुमच्या हातची पुडी द्या. सगळ्यांसमोर पुन्हा तपासू."

"तपासली की शक्ती उतरते."

या वेळी हशा बाबांवर झाला. निम्मे लोक उठले, निम्मे रांगेतच राहिले. विठाबाई मुलाचा हात धरून उभी होती.

"सूज तर सूज, गुरुजी. पोरगं जेवतंय ना! तुमच्याकडं काय हाय?"

"औषध आहे, बाई. नाशिकला. फुकट."

"आन् कुणी बघितलं म्हंजे?"

रांग पुढे सरकली.

धनराजला त्याच दिवशी नाशिकला नेलं. क्षय दोन्ही फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोचला होता. सरिताने जमेल तेवढं सगळं केलं. बाविसाव्या दिवशी तो गेला. त्याआधी एकदा म्हणाला होता, "आपल्या मास्तरांतले तिघं जातात बाबाकडे. त्यांची नावं सांगणार नाही. माझं तुम्ही सांगा."

केंद्रशाळेत शिक्षकांच्या मासिक बैठकीत शोकठराव आला, "अल्पशा आजाराने दुःखद निधन." बैठकीला मुद्दाम आलेले निवृत्त गुरुजी उठले.

"आजार अल्पसा नव्हता. धनराजला एचआयव्ही होता. हे सांगायला त्यानंच मला सांगितलं होतं. त्याच्यावर औषध होतं, ते त्याला लागू पडत होतं. तो बाबाच्या पुडीनं मेला, आणि त्याला तिकडे आपण लोटलं. एका ताटात जेवून, हातात हात घेऊन हा आजार होत नाही, हे आपणच पोरांना शिकवतो. मग त्याच्या हातची खिचडी का नासली? रजेच्या अर्जात आजारी एवढंच लिहावं, वर कुणी खोदून विचारू नये, एवढं आपल्याला जमणार नाही का? चमत्काराची गरज नाही. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची, एवढंच आहे ते. मी दर मंगळवारी सातच्या गाडीनं नाशिकला जाईन. कुणाला सोबत हवी असेल तर स्टँडवर या. मी काही विचारणार नाही."

अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मग पुढचा विषय वाचला.

गुरुजी दर मंगळवारी स्टँडवर जातात. सातची गाडी गेली की आठचीही वाट बघतात. अजून कुणी आलेलं नाही.